'घरीच पडलात ना?'

गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता, संध्याकाळचे पावणेसहा वाजलेले, मी हेडसेट लावून कॉलवर, आणि वीज गेली. आता गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहणाऱ्या माणसाला वीज गेल्याचं काय एवढं, पावसाळ्यात ती टिकते तेव्हाच आम्ही एकमेकांकडे बघतो, पण त्या दिवशी इन्व्हर्टरपण गप्प. इन्व्हर्टर पडवीत, मी माजघरात, मध्ये राजांगणाची, म्हणजे घरामधल्या उघड्या चौकाची कड. घर जुनं, सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचं, वर नळे, खाली लाल शिमिटाची जमीन, आणि राजांगणाच्या कडेला पावसाचे शिंतोडे उडून ती जमीन अशी गुळगुळीत होते की आमची मांजरसुद्धा तिथून भिंतीला धरून जाते. मला हे माहीत नव्हतं का, वीस वर्षं मी त्या घरात नांदतेय. पण राउटर बंद म्हणजे सिस्टीमवर माझा हिरवा दिवा पिवळा, आणि पाच मिनिटं पिवळा राहिला की टीम लीडरचा मेसेज, 'एव्हरीथिंग ओके?' (हे विचारण्यात काळजी किती आणि हिशेब किती ते ज्याला तो मेसेज येतो त्यालाच कळतं.) म्हणून धावले. दोन ढांगा टाकल्या असतील नसतील, पाय गेला, उजवा हात टेकला आणि काडकन आवाज आला.

'कितें जालें गो?' करत मांय, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून आल्या तेव्हा मी जमिनीवर बसलेली, हेडसेट अजून डोक्यावरच. म्हापशाला एक्स-रे काढला, मनगटाजवळचं हाड मोडलेलं. डॉक्टर म्हणाले पडताना माणूस हात पुढे करतो ना, तेव्हा नेमकं हेच हाड जातं, सगळ्यात कॉमन. सहा आठवडे प्लास्टर. उजवा हात. माझं काम टायपिंगचं.

दुसऱ्या दिवशी एचआरला फोन केला. पलीकडची मुलगी चांगली होती हो, आवाजात खरंच काळजी होती, टेक केअर मॅडम, रेस्ट घ्या, सिक लीव्ह लावा, मेडिक्लेमचं कार्ड आहे ना. मी म्हटलं ते सगळं ठीक, पण हे कामावर असताना झालंय, शिफ्ट चालू होती, लॉगिन होतं, मग याचा कुठे रिपोर्ट वगैरे? ती दोन सेकंद थांबली आणि अगदी निरागसपणे म्हणाली, 'पण मॅडम, घरीच पडलात ना?'

त्या वाक्याने माझी झोप घालवली. प्लास्टरनेपण घालवली, पण ते वेगळं.

कारण बघा ना, हीच कंपनी २०२० च्या मार्चमध्ये आम्हाला म्हणाली घरून करा. तेव्हा ठीक होतं, सगळ्या जगाचीच ती गत. नंतर पर्वरीतलं ऑफिसच बंद केलं, भाडं वाचलं, लाइट वाचली, एसी वाचला, आमच्यासाठी धावणारी बस वाचली. आज मी ज्या टेबलावर बसते ते माझं, वीज माझी, नेट माझं, छप्पर माझ्या सासऱ्यांचं, आणि या सगळ्यावर दिवसाचे नऊ तास चालतो तो धंदा कंपनीचा. म्हणजे काम करायला बसले की हे घर ऑफिस आणि पडले की घर. हे गणित मला काही केल्या सुटेना.

त्यात गंमत अशी की आमचा क्लायंट इंग्लंडचा. शिफ्ट त्यांच्या घड्याळाची, उन्हाळ्यात दुपारी दीड ते रात्री साडेदहा, त्यांची घड्याळं ऑक्टोबरात मागे गेली की अडीच ते साडेअकरा. तिकडची एक बाई माझ्यासारखंच काम करते, तीपण घरून, कुठल्याशा खेड्यातून. मी डाव्या हाताने टाइप करतेय हे कळल्यावर तिने विचारलं, तुझं डीएसई असेसमेंट कधी झालं होतं? मी विचारलं ते काय असतं. ती हसली, तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

तर ते असं असतं. इंग्लंडात १९७४ चा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा मोठा कायदा आहे आणि १९९२ पासून कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर रोज तासतासभर काम करणाऱ्यांसाठी वेगळे नियम आहेत. डीएसई म्हणजे डिस्प्ले स्क्रीन इक्विपमेंट. तुमची खुर्ची, टेबल, स्क्रीनची उंची, उजेड, बसण्याची पद्धत हे सगळं मालकाने तपासायचं, आणि महत्त्वाचं म्हणजे माणूस घरून कायमचं किंवा बरेच दिवस काम करत असला तरीही तपासायचं. घरी येऊन बघायला पाहिजेच असं नाही, माणसाला शिकवून त्याच्याकडूनच फॉर्म भरून घेतला तरी चालतं, पण फॉर्ममध्ये काही खोट निघाली तर ती दुरुस्त करायची जबाबदारी मालकाची. कर्मचाऱ्याने मागितली तर डोळ्यांची तपासणी मालकाच्या खर्चाने. आणि सुरक्षेसाठी कायद्याने जी वस्तू द्यायलाच हवी तिचे पैसे कर्मचाऱ्याकडून घेता येत नाहीत, हे तर १९७४ च्या कायद्यातच आहे. तिच्याकडे कंपनीची खुर्ची आहे, वेगळा कीबोर्ड आहे, पायाखाली ठेवायला एक तिरपी पाटीसुद्धा आहे. एकटीने काम करणाऱ्या माणसाच्या मनावरच्या ताणाचाही तिथे विचार करावा लागतो, म्हणून तिचा मॅनेजर दर आठवड्याला फोन करून कामाव्यतिरिक्त बोलतो. ती म्हणाली ते फोन फार बोअर असतात.

मला बोअर व्हायलाही आवडलं असतं.

अर्थात तो कायदा मला लागू नाही, माझा पगार इथली कंपनी देते, म्हणून मी इथलं शोधायला बसले. सहा आठवडे हात गळ्यात, दुसरं करणार काय. मी वकील नाही, जे वाचलं आणि ओळखीच्या एका कामगार वकिलांना विचारलं ते सांगतेय.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाले, त्यातला एक कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा, ऑक्युपेशनल सेफ्टी, हेल्थ अँड वर्किंग कंडिशन्स कोड, २०२०. तेरा जुने कायदे एकात घातलेत. त्यात मालकाची कर्तव्यं लिहिलीत: कामाची जागा इजा किंवा कामातून होणारा आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवायची, शक्य तेवढं वातावरण सुरक्षित ठेवायचं, प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं. चाळिशीच्या पुढच्यांची वर्षाला फुकट तपासणी म्हणून सरकारने बराच गाजावाजापण केला (मी एक्केचाळीसची आहे, वाट बघतेय). कर्मचाऱ्याला स्वतःच्या सुरक्षेची माहिती मालकाकडे मागायचा हक्कही दिलाय, आणि स्वतःची काळजी घेणं हे कर्मचाऱ्याचंही कर्तव्य म्हटलंय, म्हणजे ओल्या जमिनीवर धावले ती चूक माझ्याही पदरात, कबूल.

पण घरून काम करणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी वेगळा अध्याय नाही. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कारखाना, खाण, गोदी आणि बांधकाम, आणि ते बरोबरच आहे, आमच्या तालुक्यात खाणी बघत वाढलेल्या माणसाला ते सांगायला नको. कुडणे, सुर्ला, पाळी इकडच्या रस्त्यांवर लाल धूळ खाऊन किती माणसं खोकत म्हातारी झाली. त्यांच्यापुढे माझं मनगट म्हणजे काय. तरी पण. 'जागा मालकाने सुरक्षित ठेवायची' हे वाक्य माझ्या राजांगणाच्या कडेला आणून ठेवलं की ते वाक्यच घसरतं. जागा मालकाची नाही, त्याच्या ताब्यात नाही, तिथे त्याला पाऊल टाकायचं तर मला विचारायला पाहिजे. वकील म्हणाले कर्तव्य संपत नाही असं आपण म्हणू शकतो, पण घराच्या बाबतीत ते नक्की कुठवर जातं हे कायद्याने उलगडून सांगितलेलं नाही, त्यामुळे मालक म्हणणार नाही जात आणि तुम्ही म्हणणार जातं.

वर्क फ्रॉम होम हे शब्द आपल्या सरकारी कागदांत येतच नाहीत असं मात्र नाही. बाळंतपणाच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, सव्वीस आठवड्यांची रजा झाली, त्यातच लिहिलंय की काम तसं असेल तर रजेनंतर दोघांच्या संमतीने घरून करता येईल. मग २०२० च्या डिसेंबरअखेर सेवा क्षेत्रासाठी स्टँडिंग ऑर्डरचा, म्हणजे नोकरीच्या अटींच्या नियमांचा, एक मसुदा काढला त्यातही होतं, मालक घरून काम करायची परवानगी देऊ शकेल म्हणून. २०२२ च्या जुलैत एसईझेडच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या, नियमांत ४३अ हा नियम घातला. (एसईझेड आपल्या गोव्यातून लोकांनी २००७ मध्येच हाकलले, तो इतिहास पुन्हा कधीतरी.) त्या ४३अ मध्ये घरून काम किती जण करू शकतील, कंपनीने उपकरण आणि सुरक्षित कनेक्शन द्यायचं, उपकरण बाहेर न्यायची मुभा कधीपर्यंत, हे सगळं नीट लिहिलंय. लॅपटॉपची काळजी घेतलीय हो. लॅपटॉपसमोर बसणाऱ्याच्या पाठीबद्दल त्यात काही नाही.

आणि नुकसानभरपाई? इथे मला खरी मजा वाटली. १९२३ चा जुना कायदा, आता त्याचं त्या चारांतल्याच सोशल सिक्युरिटी कोडात रूपांतर झालंय, त्याची कसोटी एकच: अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाला का. कुठे झाला असं नाही, ओघात झाला का. याच कसोटीवर २०२५ च्या जुलैतच, म्हणजे माझा हात मोडला त्याच महिन्यात, सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिवकडचा साखर कारखान्यातला वॉचमन, पहाटे तीनची शिफ्ट, २००३ मध्ये मोटरसायकलवरून कामाला जाताना कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. खालच्या कोर्टाने घरच्यांना भरपाई दिली, हायकोर्टाने काढली, आणि बावीस वर्षांनी सुप्रीम कोर्टाने परत दिली, म्हणाले कामाला जाताना झालेला अपघात आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर तो नोकरीच्या ओघातलाच. बावीस वर्षं! ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, कायद्यात तर ही तरतूद आधीच होती, आणि आता नव्या कोडात सगळ्यांसाठी घेतलीय.

मग मी विचार करत बसले. घर ते कारखाना हा रस्ता कामाच्या ओघात येऊ शकतो. माजघर ते पडवी हा रस्ता, शिफ्टच्या मधोमध, कामाचंच यंत्र चालू करायला धावताना, तो येत नाही?

जर्मनीत येतो. तिथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयासमोर असाच एक जण गेला होता, तो सकाळी उठून बेडरूममधून खालच्या मजल्यावरच्या कामाच्या खोलीत निघालेला, नाश्तापण न करता, गोल जिन्यावरून घसरला आणि पाठीचा मणका मोडला. विमा कंपनी नाही म्हणाली, खालच्या कोर्टांत उलटसुलट झालं, आणि ८ डिसेंबर २०२१ ला निकाल आला की बिछान्यातून थेट कामाला जाणं हा कामाचाच रस्ता, हा कामावरचा अपघात. हे मी वाचलं तेव्हा मांयना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या चहा पिऊन गेला असता तर? प्रश्न बरोबर आहे बरं का. चहा प्यायला थांबला असता तर कदाचित निकाल दुसरा लागला असता, कायदा असल्याच बारक्या जागी अडकतो. मी पडवीत कपडे वाळत घालायला गेले असते तर मला तोंड उघडायला जागा नव्हती. मी इन्व्हर्टरसाठी गेले होते आणि इन्व्हर्टर कामासाठी होता, इतकाच माझा मुद्दा आहे.

आणि आमच्या गोंयकारांना चिडवायचं तर पोर्तुगाल. तिथे २०२२ च्या जानेवारीपासून कायदा आहे की घरून काम करणाऱ्याला कामाच्या वेळेनंतर मालकाने फोन-मेसेज करायचा नाही, अगदीच आणीबाणी सोडून. घरून काम केल्यामुळे वीज आणि नेटचा जो जास्तीचा खर्च होतो तो मालकाने द्यायचा. माणूस एकटा पडू नये म्हणून ठराविक दिवसांनी प्रत्यक्ष भेट घडवायची, दोन भेटींत दोन महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. घरी यायचं असेल तर चोवीस तास आधी सांगून आणि संमती घेऊन. आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांत कोणी ना कोणी पोर्तुगीज पासपोर्टच्या कागदांमागे आहे, आजोबांचा जन्मदाखला शोधत लिस्बनपर्यंत जातात. हा कायदा आणायला कोणी गेलं नाही. शब्द मात्र आम्ही त्यांचाच धरून ठेवलाय, अजून मालकाला पात्रांव म्हणतो.

आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी कामानंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खाजगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, २०२५ च्या डिसेंबरात परत मांडलं. खाजगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते माहीत आहे. पण हा नुसता चैनीचा विषय नाही, आठवड्याला पंचावन्न तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका पस्तीस टक्क्यांनी जास्त असतो असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये सांगितलंय, आणि घरून काम करताना शिफ्ट कधी संपली हे कळतच नाही. साडेदहाला लॉगआउट करून ताटावर बसले की फोन वाजतो. घरचे म्हणतात काम संपलं ना? संपलं. मग?

बरं, हाडाचं सोडा, ते एका सेकंदात मोडतं आणि दिसतं तरी. हळूहळू मोडणाऱ्या गोष्टी वेगळ्याच. प्लास्टर काढल्यावर फिजिओकडे गेले तेव्हा तिने मनगटाच्या आधी माझी मान बघितली. म्हणाली कुठे बसता कामाला? आमचं जेवायचं टेबल, सागवानी, जड, उंच, आणि त्याला प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर उशी. उशीमुळे पाय लोंबतात म्हणून पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर. पाच वर्षं. तिने सांगितलं की लॅपटॉप ही वस्तूच अशी आहे की स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र चिकटलेले, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणली तर हात वर जातात, हात खाली ठेवले तर मान वाकते, दोन्हीपैकी एकाने मरायचंच. उपाय काय तर लॅपटॉप उंच ठेवा आणि कीबोर्ड-माऊस वेगळा घ्या. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर, कोपर काटकोनात, पाय सपाट टेकलेले. आणि दोन तासांनी वीस मिनिटं उठण्यापेक्षा तासाला पाच-दहा मिनिटं उठलेलं बरं.

घरी आले आणि चतुर्थीला काढतो ते जेवायचे पाट काढले. दोन पाट एकावर एक, वर लॅपटॉप. बरोब्बर उंची! तिसरा पाट पायाखाली. कीबोर्ड म्हापशाच्या बाजारातून घेतला, स्वतःच्या पैशांनी. मांय म्हणाल्या पाटावर लॅपटॉप बसवलास, आता आरतीपण कर.

आणि एक गोष्ट मी बरीच वर्षं अंगावर घेत होते, ती म्हणजे झिणझिण्या. लॅपटॉप चार्जिंगला असताना मनगट त्याच्या पत्र्याला लागलं की बारीक मुंग्या आल्यासारखं व्हायचं, अनवाणी असले की जास्त. मला वाटायचं असंच असतं. हात मोडल्यावर घरातलं सगळंच संशयाने बघायला लागले तेव्हा गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने प्लगमध्ये टेस्टर घातला, मग मागच्या बाजूला न्हाणीच्या भिंतीशी गेला, खाली बसला, एक तार बोटाने उचलली आणि ती त्याच्या हातातच आली. अर्थिंगची तार. गंजून कधीच तुटलेली. म्हणाला बाई, तुमच्या घराला अर्थिंगच नाही, हे सगळे तीन पिनांचे प्लग शोभेचे. गोव्याचा पाऊस, समुद्रावरून येणारी खारी हवा, लोखंड टिकतंय कुठे. त्याने नवं अर्थिंग केलं, मीटरजवळ आरसीसीबी बसवला, म्हणजे करंट गळायला लागला की तीस मिलिअँपिअरलाच तो खटका पाडतो, माणसाच्या हृदयाला बाधायच्या आत. आणि एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडलेलं होतं ते माझ्याकडे असं बघत काढून ठेवलं की मला लाजच वाटली.

आता हा खर्च कोणाचा? घर आमचं, अर्थिंग आमचं, ते आम्हीच करायला पाहिजे होतं, यात मी कंपनीला ओढत नाही. पण ऑफिस असतं तर वायरिंग तपासून घ्यायचं काम त्यांचं असतं. मला घरी पाठवताना नुसतं विचारलं असतं, अर्थिंग आहे का, आरसीसीबी आहे का, जमीन ओली होते का, कुठे बसणार, तर मी पाच वर्षं आधी वायरमनला बोलावलं असतं. नेट किती एमबीपीएस आहे त्याचा स्क्रीनशॉट मात्र मागितला होता. तोपण दोनदा.

हेही सांगते की मला एचआरने घरी येऊन माझं स्वयंपाकघर बघितलेलं आवडणार नाही. कॅमेऱ्यातून घर दाखवा म्हणणारे उद्या माणूस जागेवर आहे का तेपण त्याच कॅमेऱ्यातून बघतील. कॅमेऱ्यावरून आठवलं, कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा जो कायदा आहे त्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरसुद्धा आहे. बहुतेक घरकाम करणाऱ्या बायकांचा विचार करून घातलं असावं, पण शब्द आहेत ते आहेत. तेव्हा रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर कोणी 'बेडरूममधून काम करता वाटतं' असलं काही बोललं तर ती घरगुती चेष्टा नाही, कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर तिथली अंतर्गत समिती त्यासाठीच आहे, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. आमच्यातल्या किती मुलींना हे माहीत नाही.

मग मी काय केलं. डाव्या हाताने एक लांबलचक मेल लिहिला. तारीख, वेळ, लॉगिन चालू होतं त्याचा रेकॉर्ड, टीम लीडरचा तो 'एव्हरीथिंग ओके' मेसेज, डॉक्टरचा कागद, सगळं जोडलं, आणि लिहिलं की हा शिफ्टमधला अपघात म्हणून नोंदवून घ्या. भांडले नाही. फक्त तीन गोष्टी विचारल्या, नोंद होणार का, कंपनीचा अपघात विमा आहे का आणि असेल तर त्याची प्रत, आणि घरून बसायची सोय नीट करण्यासाठी काही रक्कम मिळते का. तोंडी विचारलं की 'घरीच पडलात ना' येतं, लेखी विचारलं की त्यांनाही लेखी द्यावं लागतं, आणि लेखी कोणी तसं लिहीत नाही.

आठ दिवसांनी उत्तर आलं. ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी होती! मेडिक्लेमहून वेगळी, चोवीस तासांची, घर-ऑफिस असा भेदच नसलेली, आणि अपघाताने काम बंद पडलं तर दर आठवड्याला काही रक्कम देणारी. कंपनीवाले दरवर्षी हप्ता भरत होते आणि आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. फक्त कळवायची मुदत उलटून गेलेली. विमा कंपनीला उशिराचं कारण लिहून दिलं, दोनदा कागद परत आले, शेवटी निम्म्याहून थोडं कमी मिळालं. तेव्हा हे वाचणाऱ्यांनी आजच आपल्या एचआरला एक मेल टाकून ती पॉलिसी मागवून घ्या, हात धड आहे तोवर. आणि तिथेही नाहीच हाललं पान, तर पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरचं ऑफिस आहे, कदंबच्या स्टँडवरून चालत जाता येतं. मला जावं लागलं नाही.

अपघाताची नोंद? 'नोटेड' असं उत्तर आलं. नोटेड म्हणजे नोंद झाली की नुसतं वाचलं ते मी अजून विचारतेच आहे.

खुर्चीचे पैसे मात्र मंजूर झाले, सगळ्यांनाच, बिल दाखवून. माझी खुर्ची जानेवारीत आली. चाकांची, पाठीला जाळी, हात वर-खाली होणारे. लाल शिमिटावर अशी पळते की मांय दुपारी तिच्यावर बसून माजघरातून देवघरापर्यंत पाय मारत जातात, आणि दीड वाजला की मी जाऊन म्हणते मांय, माझी शिफ्ट.

खुर्चीबरोबर एक फॉर्मपण आला, 'होम वर्कस्पेस सेफ्टी डिक्लेरेशन', बहुतेक ऑफिसचाच जुना फॉर्म उचलून वर होम लिहिलेलं. अग्निशामक कुठे लावलाय, बाहेर पडायचा मार्ग किती रुंद, इमर्जन्सी असेंब्ली पॉइंट कोणता. मी मोठ्याने वाचत होते. शेवटचं काय विचारलं म्हणून मांयनी विचारलं, मी म्हटलं आग लागली तर घरातल्या सगळ्यांनी कुठे जमायचं ते. म्हणाल्या त्यात काय विचारायचं, तुळशीकडे.

तसंच लिहून पाठवलंय. अजून तरी कोणी हरकत घेतलेली नाही.